थांबणाऱ्यांचा बिल्ला

मित्रांनो, मी एक जुना लाकडी परकार आहे. तुमच्या कंपासपेटीतला बोटभर लोखंडी परकार नव्हे. मी फळ्यावर वर्तुळ काढणारा, हातभर लांब पायांचा परकार. माझ्या एका पायाला लोखंडी टोक आहे आणि दुसऱ्याला खडू धरणारी पितळी पकड. टोक फळ्यावर टेकवायचं आणि दुसरा पाय फिरवायचा, एवढंच माझं काम. त्यामुळे असेल, पण स्वस्थ उभं राहणं मला कधी जमलं नाही.

नळदुर्गच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून आमचं गाव आहे. तिथल्या शाळेत सोमलिंग गुरुजी गणित शिकवायचे. वर्तुळ काढायचं म्हटलं की ते दोरीला खडू बांधायचे. दोरी कधी ढिली पडायची, कधी ताणली जायची, आणि फळ्यावर वर्तुळाऐवजी बटाटा उमटायचा. मुलं खो-खो हसायची. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी गुरुजी उत्तरेश्वर सुतारांच्या दारात जाऊन उभे राहिले.

"उत्तरेश्वरा, मला एक परकार करून दे बाबा. पोरं हसायलीत."

उत्तरेश्वरांनी गुरुजींच्या हातातला छोटा परकार उलटासुलटा करून पाहिला. "हा तर लेकराच्या हातातला हाय गुरुजी. ह्येला मोठा करायचा, व्हय?"

कुणाच्या तरी दाराच्या चौकटीतून उरलेला सागवानी तुकडा त्यांनी काढला, आणि मी घडायला लागलो. पाय लवकर झाले. डोकं मात्र जमेना. आधी स्क्रू इतका घट्ट बसला की मी हलेनाच. मग इतका सैल झाला की माझे पाय आपोआप फाकायला लागले. उत्तरेश्वर चिडले, उठून गेले, चहा पिऊन परत आले आणि पुन्हा रंधा हातात घेतला. संध्याकाळी त्यांनी मला अंगणातल्या फरशीवर फिरवलं. वर्तुळ जिथून सुरू झालं तिथंच येऊन मिळालं. त्यांनी मला पुन्हा एकदा फिरवलं, नुसत्या हौसेनं.

माझे चांगले दिवस तेव्हापासून सुरू झाले. गुरुजी माझं टोक फळ्याच्या मधोमध टेकवायचे, श्वास घ्यायचे आणि तो सोडता सोडता मला गर्रकन फिरवायचे. मागच्या बाकावरून आवाज यायचा, "गुरुजी, अजून एक!" पांढरी भुकटी माझ्या पायावरून खाली गळायची. तास संपल्याची घंटा झाली की मला वाईट वाटायचं. मी दुसऱ्या दिवसाची वाट बघत खुंटीवर लटकत राहायचो.

पण गुरुजी निवृत्त झाले. जाताना त्यांनी मला रुमालानं पुसलं आणि नव्या शिक्षकांच्या हाती दिलं. पुढे शाळेत पडद्याचा फळा आला. त्याच्यावर बोट फिरवलं की वर्तुळ तयार. माझं टोक लागलं तर त्याची काच फुटेल, म्हणून माझी रवानगी खेळाच्या सामानाच्या कपाटात झाली. तिथं लेझिमी होत्या, तुटकी बॅट होती, हवा गेलेला व्हॉलीबॉल होता. दार करकरलं की मी सावध व्हायचो. हात आत यायचा, लेझिमी घेऊन जायचा, आणि पुन्हा अंधार. माझा स्क्रू गंजला. पाय आखडले. मित्रांनो, मोडून पडलेल्या वस्तूला निदान विसावा तरी मिळतो. मी मोडलो नव्हतो. मला फिरायचं होतं, आणि फिरता येत नव्हतं. किती वर्षं अशी गेली, ते मी मोजलं नाही.

मग एके दिवशी ज्या हातानं मला बाहेर ओढलं, तो अर्पिताचा होता.

अर्पिता सातवीत होती. बाकावर नीट बसलेली ती कुणाला दिसायचीच नाही. एक पाय बाकाखाली, एक बाहेर, हातात पेन्सिल, नजर खिडकीतून रस्त्यावर. "तुझ्या पायाला भिंगरी लागलीय का गं?" असं सगळेच तिला विचारायचे. तिनं मला उचललं, माझे पाय ओढून पाहिले, ते हलेनात म्हणून दातही लावून पाहिले, आणि मला घेऊन ती थेट वर्गात धावली.

"सर, ह्यानं मोठा गोल निघंल का?"

उमाशंकर सर हसले. "निघंल की. आधी त्याच्या डोक्यात तेल घाल."

मोठा गोल कशाला हवा होता, ते मला त्याच तासाला कळलं. जिल्ह्यातल्या शाळांसाठी चित्रकलेची एक स्पर्धा होती. सरांनी ती पुन्हा एकदा समजावून सांगितली. अंतराळात जाणाऱ्या माणसांच्या कपड्यांवर कापडी बिल्ला शिवलेला असतो. प्रत्येक मोहिमेचा बिल्ला निराळा. आत मोहिमेचं चित्र, कडेनं जाणाऱ्यांची नावं. प्रत्येक मुलानं स्वतःच्या मनानं एक मोहीम ठरवायची आणि तिचा बिल्ला काढायचा. ज्यांची चित्रं निवडली जातील, त्यांनी धाराशिवला जाऊन तोच बिल्ला मोठ्या फलकावर सगळ्यांसमोर काढायचा.

वर्गात कागदांची सळसळ सुरू झाली. कुणी चंद्र काढला, कुणी शनीची कडी, कुणी आगीचे लोळ सोडणारं यान. अर्पितानं मंगळ ठरवला. माझ्या पकडीत पेन्सिल अडकवून तिनं सुंदर वर्तुळ काढलं. पण वर्तुळाच्या आत काय काढायचं, ते तिला सुचेना. यान काढलं, खोडलं. झेंडा काढला, खोडला. कागद खरवडून पातळ झाला.

"सर, ह्याला घरी नेऊ?" तिनं विचारलं.

"ने. पण मोडू नको."

अशा तऱ्हेनं मी अनेक वर्षांनी शाळेबाहेरची हवा खाल्ली. अर्पिताचं घर हमरस्त्यालगतच्या ढाब्यामागे होतं. तिची आई महानंदा त्या ढाब्यावर भाकऱ्या करायची. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवून ती चुलीसमोर बसायची. अर्पिताचे वडील बालाजी ट्रक चालवायचे. ते तेव्हा डाळीची पोती भरून केरळकडे गेले होते. अर्पिता मला आणि कागदाला घेऊन आईजवळ बसली. रस्त्यावरून ट्रक धडधडत जायचे. प्रत्येक ट्रकला महानंदा मान वर करायची. हात भाकरी थापत राहायचा, मान मात्र वर.

"मम्मी, सारखं रस्त्याकडं काय बघायलीस? पप्पा शनिवारी येणार हायत की."

"मला म्हाईत हाय गं," महानंदा म्हणाली. "पण डोळ्यांला कोण सांगावं?"

अर्पितानं आईच्या नजरेमागोमाग रस्त्याकडे पाहिलं. मग तिनं कोरा कागद घेतला, माझं टोक टेकवलं, वर्तुळ काढलं आणि झपाट्यानं चित्र काढायला लागली. वर्तुळाच्या तळाशी तिनं एक उंबरा काढला. उंबऱ्यावर पाठमोरी बसलेली चार माणसं. त्यांच्या डोक्यांवर मोठं मोकळं आभाळ, आणि पार वरच्या कडेला जवारीच्या दाण्याएवढं यान. कडेनं तिनं नावं लिहिली. शेजारच्या शांताक्का, त्यांचा मुलगा फौजेत होता. म्हातारे हरिबा, त्यांची मुलं मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी लांब जायची. मग महानंदा. आणि शेवटी अर्पिता.

सरांनी ते चित्र बराच वेळ पाहिलं.

"ही अंतराळवीरांची नावं आहेत का?"

"न्हाय सर. ही खाली थांबलेली माणसं हायत."

"अगं, पण नियमात लिहिलंय, कडेनं जाणाऱ्यांची नावं पाहिजेत. गुण कापतील तुझे. निदान दोन तरी नावं जाणाऱ्यांची कर. बाकी चित्र लई छान झालंय."

अर्पितानं खोडरबर उचललं. मी बघत होतो. तिनं ते शांताक्कांच्या नावाजवळ नेलं, मग हरिबांच्या नावाजवळ नेलं, आणि परत खिशात टाकलं.

"कुणाचं खोडू सर? समदीच थांबलीत."

सर खिडकीपर्यंत गेले, परत आले. त्यांना शाळेची निवड व्हायला हवी होती. आमच्या शाळेचं नाव तोवर जिल्ह्याला कुणी घेतलेलं नव्हतं. पण त्यांनी चित्र गुंडाळलं आणि आहे तसंच पाठवून दिलं.

चित्र निवडलं गेलं. शाळेत पेढे वाटले. सगळे खूश होते, पण मला काही चैन पडेना. धाराशिवचा फलक मोठा असणार, माझा स्क्रू जुना, आणि अर्पिताचा हात उतावळा. तिनं माझ्या डोक्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा घट्ट बांधला. रोज शाळा सुटल्यावर व्हरांड्याच्या फरशीवर ती माझ्याकडून वर्तुळं काढून घ्यायची आणि मग मला घरी न्यायची. शिपाई हरवलेल्या माणसासारखा त्या वर्तुळांमधून वाट काढत जायचा.

स्पर्धेच्या आदल्या दोन दिवसांत मात्र सगळं बिघडलं. बालाजी पुन्हा केरळच्या फेरीला गेले होते, आणि त्यांचा फोन लागेना. रोज संध्याकाळी न चुकता येणारा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. महानंदा भाकरी तव्यावर टाकायची आणि फोन कानाला लावायची. भाकरी करपायची. बोलणारी बाई पलीकडून तेच तेच सांगायची, फोन बंद आहे.

"मी न्हाय जात धाराशिवला," स्पर्धेच्या सकाळी अर्पिता म्हणाली.

"जा," महानंदा म्हणाली. "तू हितं बसून काय फोन लवकर लागणार हाय? दोघींनी मिळून रस्ता बघितला म्हणून गाडी येत नसती." मग ती अर्पिताला न्यायला आलेल्या सरांकडे वळली. "सर, काय कळलं तर तुमच्या फोनवर सांगती. लेकराला सांबाळा."

आम्ही एसटीनं निघालो. तुळजापूर गेलं. अर्पिता खिडकीशी बसून समोरून येणारा प्रत्येक ट्रक बघत होती. मी तिच्या मांडीवर आडवा होतो. तिनं माझे पाय इतके घट्ट धरले होते की खडखडत्या बसमध्येही मी हललो नाही.

सभागृह मोठं होतं. रांगेनं फलक मांडलेले, त्यांवर पांढरे कागद ताणलेले. मुलांनी वर्तुळासाठी नाना साधनं आणली होती. कुणाकडे खिळा आणि दोरा, कुणाकडे पितळी परात. अर्पिताच्या शेजारी येरमाळ्याचा रणधीर होता. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "बापरे, केवढा हाय! कुठं मिळाला?" अर्पितानं उत्तर दिलं नाही. तिचं सगळं लक्ष दाराकडे होतं. दाराबाहेर सर उभे होते, हातात फोन घेऊन.

घंटा झाली. तिनं माझं टोक फलकाच्या मधोमध दाबलं आणि मला फिरवायला सुरुवात केली. अर्धं वर्तुळ झालं असेल नसेल, तेवढ्यात बाहेर फोन वाजला. सरांनी तो कानाला लावला, आणि हात वर करून तिला बोलावलं.

चांगल्यासाठी की वाईटासाठी, त्या हातावरून काही कळत नव्हतं. अर्पितानं मला तसंच सोडलं आणि ती धावली.

मित्रांनो, मी फलकात रुतून उभा राहिलो. माझा एक पाय मध्यावर, दुसरा अर्ध्या वाटेवर. मागे काढलेली रेघ, पुढे कोरा कागद. आजूबाजूला कुंचले पाण्यात बुडत होते, रंग कागदावर चढत होते. मला स्वतःहून फिरता आलं असतं तर मी तेव्हा फिरलो असतो. पण आम्हा वस्तूंना तेवढं बळ नसतं. मी दाराकडे टक लावून होतो. ट्यूबचा तुकडा सैल पडत चालला होता, आणि माझा खालचा पाय घसरायला बघत होता. घसरला असता तर कागदावर वेडीवाकडी रेघ उमटली असती. मी सगळी ताकद लावून तिथंच थांबलो.

देखरेख करणाऱ्या मॅडम आल्या. "हे कुणाचं आहे? मूल कुठंय?" त्यांनी मला उपटायला हात पुढे केला.

"राहू द्या मॅडम," रणधीर आपल्या चित्रातून मान न काढता म्हणाला. "ती यायलीय."

मॅडमनी हात मागे घेतला.

ती खरंच आली, पण बऱ्याच वेळानं. तिचे डोळे लाल होते आणि ती हसत होती. बालाजींचा ट्रक घाटातल्या जंगलात गिअरबॉक्स जाऊन बंद पडला होता. तिथं ना नेटवर्क, ना वस्ती. फोनची बॅटरी संपलेली. ते पायी चालत एका गावात पोचले आणि तिथल्या चहावाल्याच्या फोनवरून त्यांनी घरी कळवलं. महानंदानं सरांच्या फोनवर तेच सांगितलं होतं. लेकीशी बोलताना ती एवढंच म्हणाली होती, "हायत. नीट हायत. तू काढ तुझं चितर." आणि मग दोघी फोनवरच रडत बसल्या होत्या.

अर्पितानं माझा फिरता पाय धरला आणि वर्तुळ पुरं केलं. रेघ रेघेला अचूक मिळाली. मग तिनं रंग घेतले. उंबरा झाला, चार माणसं झाली, आभाळ झालं, कडेची नावं झाली. यान रंगवायचं राहिलं होतं, तेवढ्यात शेवटची घंटा झाली.

परीक्षक म्हणून आलेल्या बाई तिच्या फलकापाशी थांबल्या. "यान रंगवायचं राहिलं का?"

"व्हय मॅडम. वेळ पुरला न्हाय."

"आणि ही नावं कुणाची?"

अर्पितानं एकेकाचं नाव घेऊन सांगितलं. कोण कुणासाठी थांबलंय, तेही सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "चित्र मला आवडलं," त्या म्हणाल्या. "पण नियम सगळ्यांना सारखा आहे बाळ. गुण मला कापावे लागतील." अर्पितानं मान हलवली.

पहिलं बक्षीस रणधीरला मिळालं. त्याचा बिल्ला खरोखर देखणा होता. अर्पिताला काहीच मिळालं नाही. परतताना सर म्हणाले, "मी सांगितलेलं ऐकलं असतंस तर..." थोड्या वेळानं त्यांनी तिला बसस्थानकावर उसाचा रस पाजला. स्वतःही दोन ग्लास प्यायले.

पुढची गोष्ट मी पाहिली नाही. अर्पितानं ती वर्गात मैत्रिणींना सांगितली, तेव्हा मी फळ्याशेजारीच टेकून उभा होतो.

बालाजी घरी आले. अर्पितानं तोवर जुन्या दप्तराचं निळं कापड कापून खराखुरा बिल्ला शिवला होता. एवढ्याशा गोलाला माझी गरज पडली नाही. तिनं वाटी पालथी ठेवून तो आखला. थोडं वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू? कडेची नावं तिनं पांढऱ्या दोऱ्यानं भरली होती. वडिलांच्या शर्टाच्या बाहीला तो लावायचा, असं तिच्या मनात होतं.

बालाजींनी बिल्ला हातात घेऊन एकेक नाव वाचलं.

"ह्यात माझं नाव न्हाय की गं."

"कसं असंल? तुम्ही जाणारे."

"मग माझ्या दंडावर कसा शोभंल हा?" त्यांनी तो महानंदाच्या बाहीवर धरून पाहिला. "हिला लाव."

"अगं बया!" महानंदा मागे सरकली. "पीठ लागंल की त्याला."

"लागू दे," बालाजी म्हणाले.

आता महानंदा भाकऱ्या करायला बसते, तेव्हा अंगातल्या शर्टाच्या बाहीवर तो बिल्ला असतो. परवा एका परप्रांतातल्या ट्रकवाल्यानं ताटावर बसता बसता विचारलं, "ताई, ये क्या है?"

"थांबणाऱ्यांचं हाय," ती म्हणाली. त्याला ते कळलं नाही. मग तिनं मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, जो घर पे रुकते है, उनका. त्या माणसानं हातातला घास ताटात ठेवला, फोन काढला आणि बाहेर जाऊन तो घरच्यांशी बोलत राहिला. त्याची भाकरी निवली. महानंदानं त्याला दुसरी गरम वाढली.

मित्रांनो, म्हाताऱ्या लाकडाचं एक ऐका. लांब जाल तेव्हा मागे राहिलेल्यांना विसरू नका, पोचल्याचं कळवा. आणि तुमच्या शाळेत एखादं कपाट कायम बंद असेल, तर ते एकदा उघडा. आत कुणीतरी तयार होऊन बसलेलं असेल. त्याला नुसतं पुसून परत ठेवू नका. कामाला लावा, जपून वापरा, थकलं तर दुरुस्त करा.

बोलायला मला अजून पुष्कळ आहे, पण पाचवीच्या वर्गातून उमाशंकर सरांचा आवाज येतोय. आज त्यांना वर्तुळ शिकवायचंय, आणि वीज गेल्यानं पडद्याचा फळा बंद आहे. माझी पकड रिकामी आहे. कुणीतरी खडू आणा ना लवकर!